मुंबईची हवा आणि एस्टीमचे ब्रेक

भांडुपच्या एका सोसायटीत चिंचेच्या झाडाखाली चार वर्षं उभी असलेली मारुती एस्टीम मी जून २०२३ मध्ये पंचेचाळीस हजारांना घेतली. टायर बसलेले, टपाचा रंग उडालेला, बॅटरी कधीच गेलेली. पण खालून सगळीकडे हातोडीने ठोकून पाहिलं तर पत्रा शाबूत होता आणि इंजिन हाताने फिरत होतं. मला तेवढंच हवं होतं. तिची ट्रॅकवर पळवायची गाडी करायची होती, आणि शक्य तेवढं काम स्वतःच्या हाताने करायचं होतं.

एस्टीमच का, असं बरेच जण विचारतात. ती हलकी आहे, कंपनीतून निघताना पावणेनऊशे किलोच्या आसपास. १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन ८५ बीएचपी देतं आणि फिरायला कुरकुर करत नाही. २००७ मध्ये उत्पादन थांबलं, तरी कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचा नटबोल्टसुद्धा मिळतो. आपल्याकडच्या रेसमध्ये ही गाडी वर्षानुवर्षं धावली आहे, त्यामुळे ती कुठे दगा देते हे सांगणारी माणसं भेटतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. अशी गाडी रस्त्यावर आणायची नाही. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. मी आरटीओत अर्ज देऊन नोंदणीच रद्द करून घेतली. त्यानंतर ही गाडी गाळ्याबाहेर पडली ती दर वेळी टेम्पोवर चढूनच.

गाळा माझ्या मित्राचा, भांडुपलाच. तो ग्रिल आणि शेडची कामं करतो. मी कांजूरमार्गला एका टूलरूममध्ये डाय फिटर आहे. संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी गाळ्याचा मागचा अर्धा भाग माझा, असं ठरलं होतं.

बाबा बेस्टमध्ये होते, वडाळा डेपोत मेकॅनिक. एकतीस वर्षं बसचे ब्रेक हेच त्यांचं काम. गाडी गाळ्यात आल्यावर त्यांना घेऊन गेलो. मी इंजिनाबद्दल, वजनाबद्दल, मागे बसवायच्या विंगबद्दल बोलत होतो. त्यांनी पुढच्या चाकाशी उकिडवं बसून आत टॉर्च मारला आणि विचारलं, "पळवायचं कळलं. थांबवायचं काय ठरवलंयस?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला गाडी सोलली. सीटा, कार्पेट, डांबराचे पॅड, एसी, मागच्या दारांच्या काचा वर करायची यंत्रणा, सगळं उतरवलं. काम कंटाळवाणं आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. मग रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी चालवणारा वाचावा म्हणून आत बसवायचा पाइपांचा पिंजरा. मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा सीमलेस पाइप घेतला. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीसाठी दिलेल्या मापांपैकी हे एक आहे, आणि इथे पैसे वाचवायचे नसतात. वेल्डिंग मित्राने केलं. केजसकट गाडी वजनकाट्यावर नेली तेव्हा ८२५ किलो भरली. फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवली तर ५१०. म्हणजे उभ्या गाडीचं साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढच्या दोन चाकांवर. ब्रेक दाबल्यावर अजून पुढे झुकणार.

आता ब्रेक. माझं वजन धरून गाडी नऊशे किलोची. ती ताशी १५० वरून ८० वर आणायची म्हणजे साधारण साडेपाचशे किलोज्यूल ऊर्जा चाकांत जिरवायची. एवढ्या उष्णतेत दीड लिटरहून जास्त पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला येतं. टपरीवरचं पातेलं उकळायला जितका वेळ लागतो तितका इथे मिळत नाही, अडीच-तीन सेकंदांत हे उरकायचं असतं, आणि पुढच्या वळणाआधी पुन्हा. शिवाय वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. रस्त्यावर चांगले वाटणारे ब्रेक ट्रॅकवर चौथ्या लॅपला का हरवतात, त्याचं कारण हेच.

मोठी डिस्क लावली की गाडी लगेच थांबते असा सर्वसाधारण समज आहे. चाक लॉक करण्याएवढी ताकद मूळच्या ब्रेकमध्येही असते. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग म्हणजे तिच्यात लोखंड जास्त, त्यामुळे तीच उष्णता पोटात घेऊन ती कमी तापते. आणि मधून पोकळ, पाती असलेली डिस्क असेल तर फिरताना ती मधली हवा ओढून कडेने बाहेर फेकते, पंख्यासारखी. म्हणून मी तेरा इंची चाकं काढून चौदा इंची घेतली, कारण मोठी डिस्क आणि तिला पॅडच्या चिमटीत धरणारा कॅलिपर तेरा इंची रिममध्ये मावेना.

कॅलिपर कुर्ल्याहून आणले, एका मोठ्या सेडानचे, जोडी साडेतीन हजारांना. घरी आणून पिस्टन काढले, सिलिंडरवर ओरखडा नाही ना ते नखाने तपासलं, नवे सील टाकले. डिस्क नव्या. प्रश्न होता तो कॅलिपर एस्टीमच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, धरायच्या ब्रॅकेटचा. गाळ्याशेजारी लेथवाले काका आहेत. त्यांना पुठ्ठ्याचा नमुना कापून दाखवला. ते म्हणाले, "पुठ्ठा खोटं बोलतो, लाकडाचा आण." मग बारा मिलिमीटर प्लायचा केला. तो बसवून चाक फिरवलं, दोन ठिकाणी घासत होतं, तिथे तासला. चौथा नमुना बरोबर बसला, तेव्हा त्यांनी ईएन८ च्या प्लेटमधून ब्रॅकेट कापले. बोल्ट १०.९ ग्रेडचे. डिस्क बसवल्यावर डायल गेज लावून फिरवली. डोलण्यातला फरक चार शतांश मिलिमीटर आला. काकांनी चष्मा वर केला आणि काटा पुन्हा एकदा फिरवून बघितला. त्यांचं समाधान व्हायला तीन फेऱ्या लागल्या.

यात एक फसवणूकही झाली. एका दुकानदाराने नामांकित कंपनीच्या खोक्यात भलतेच पॅड दिले. वजन हलकं, कडेला मसाला भुसभुशीत. स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं तर पावडर पडली. ते मी लावलेच नाहीत. पॅड घेताना खोकं बघू नका, पाठच्या पत्र्यावर कोरलेला नंबर बघा आणि मसाला नखाने दाबून बघा.

कॅलिपर मोठे झाले तसं पेडल जास्त खोल दाबावं लागायला लागलं, कारण मोठ्या पिस्टनला हलवायला ऑइल जास्त लागतं. म्हणून मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग, मोठ्या बोअरचा घातला. रबरी होज काढून वरून स्टीलची जाळी विणलेले, स्टील ब्रेडेड, लावले. मागे ड्रमच ठेवले, नवे लायनर टाकून. आणि एक काम केलं जे बरेच जण टाळतात. छोट्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत ब्रेकची लाइन सहसा तिरकी असते. पुढचं डावं चाक मागच्या उजव्याशी, पुढचं उजवं मागच्या डाव्याशी. एक लाइन फुटली तरी एक पुढचं चाक हाती राहावं म्हणून. रस्त्यासाठी ते योग्यच आहे. पण त्यामुळे मागचा ब्रेक एका व्हॉल्व्हने कमीजास्त करता येत नाही. मी पाइप नव्याने वाकवून एक लाइन दोन्ही पुढच्या चाकांना आणि दुसरी दोन्ही मागच्या चाकांना नेली, आणि मागच्या लाइनवर चालवणाऱ्याच्या हाताशी फिरवायचा व्हॉल्व्ह बसवला. ब्रेकवर एकूण बेचाळीस हजार गेले. जवळजवळ गाडीच्या किमतीएवढे.

जुलैच्या शेवटी ब्रेक ऑइल भरलं, डॉट ४ प्रतीचं. अर्ध्या लिटरचे दोन डबे आणले होते. एक संपला, दुसरा फोडला, त्यातलं निम्मं उरलं. झाकण घट्ट लावून फळीवर ठेवलं. हा डबा लक्षात ठेवा.

पुढचं काम वाऱ्याचं. समोरचा एअर डॅम, म्हणजे बंपरच्या जागी वारा अडवणारी भिंत, आणि मागची विंग फायबरची करायची होती. लालबागला गणपतीच्या मंडळांचे देखावे करणारा एक दादा माझ्या ओळखीचा. त्याला जुलैत फोन केला. "अनंत चतुर्दशीपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही," तो म्हणाला. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती. मी एक ऑक्टोबरला त्याच्या दारात उभा. मांडवाचे बांबू अजून रस्त्याकडेला पडले होते आणि त्याच्या शेडमध्ये एक भलामोठा फायबरचा हत्ती सोंड वर करून भिंतीला टेकला होता.

त्याने काम केलं तसं मी कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाहिलं नाही. गाडीचं नाक आधी थर्माकोलने वाढवलं, त्यावर पीओपी चढवून आकार घडवला. मूर्तीच्या गालावर हात फिरवावा तसा तळवा फिरवून तो उंचवटे शोधत होता, डोळे मिटून. "डोळा फसतो. तळव्याला कळतं," म्हणाला. मग पॉलिश पेपर, वॅक्सचे पाच हात, त्यावरून साचा. साच्यात जेलकोट, वर काचेची मॅट, त्यावर रेझिन. हार्डनर तो थेंबांनी मोजून टाकायचा, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात नेहमीपेक्षा कमी टाकायचा, कारण गरमीत रेझिन भांड्यातच घट्ट होतं. रोलरने एकेक बुडबुडा कडेला आणून फोडायचा. दुसऱ्या दिवशी साच्याच्या कडेत लाकडी पाचर घालून हलकेच ठोकलं तेव्हा टक असा आवाज आला आणि एअर डॅम सुटून हातात आला. त्याच्या पृष्ठभागात शेडची ट्यूबलाइट सरळ रेघेत दिसत होती, कुठेही न वाकता.

एअर डॅमच्या खाली पुढे काढलेली सपाट जीभ, म्हणजे स्प्लिटर. तो बारा मिलिमीटर मरीन प्लायचा केला. समोरून येणारी हवा डॅमला अडून वर दाटते, त्याच वेळी जिभेखालून ती जोरात पळते आणि तिथे दाब कमी होतो. वरचा दाब जास्त, खालचा कमी, म्हणून नाक जमिनीकडे दाबलं जातं. स्प्लिटर बंपरला टांगला तर पहिल्याच दिवशी तुटेल. माझा चेसिसच्या रेल्सना बोल्टने धरला आहे आणि पुढून दोन रॉडनी ओढला आहे. बसवल्यावर मी त्याच्या टोकावर उभा राहिलो, पंच्याहत्तर किलो. हलला नाही.

पण फक्त नाक दाबलं तर वेगात मागची बाजू हलकी पडून गाडी फिरते. म्हणून विंग. थर्माकोलचा गाभा गरम तारेने कापला, वर फायबर. लांबी १३० सेंटिमीटर, रुंदी २५. माझ्या हिशेबाने ती ताशी १५० ला चौतीस-पस्तीस किलोने गाडी दाबते आणि ७५ ला जेमतेम साडेआठ किलोने. वारा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तसाच उतरतो. हे आकडे मी मुद्दाम देतोय, कारण मोठी विंग लावून कमी वेगाच्या वळणांत चमत्कार होईल असं बऱ्याच पोरांना वाटतं. तिथे टायर, वजन आणि चालवणारा, एवढंच काम करतं.

विंगचे पाय डिकीच्या पत्र्यावर नाहीत. पत्रा कापून ते खाली चेसिसपर्यंत नेले. १९६९ मध्ये स्पेनला, बार्सिलोनाच्या मोंटजुइक ट्रॅकवर, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंगा एकाच शर्यतीत मोडल्या आणि दोन्ही गाड्या जाऊन धडकल्या. पुढच्याच मोनॅको शर्यतीच्या वेळी उंच विंगांवर बंदी आली. माझी विंग त्यापुढे किरकोळ आहे. पण दाब देणारी वस्तू अचानक गेली तर काय होतं, ते भौतिकशास्त्र तेच राहतं.

मुंबईत ट्रॅक नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक १९९० पासून आहे, ३.७ किलोमीटरचा. मुंबईहून तेराशे किलोमीटर. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, एकच ४८ नंबरचा महामार्ग थेट तिथपर्यंत जातो. जानेवारी २०२४ मध्ये चौदा फुटी आयशर टेम्पो ठरवला. एस्टीम चार मीटरहून थोडी जास्त लांब. स्प्लिटर आणि विंग काढली तेव्हा फळका लागला. ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी आणि मित्र गेलो.

जाण्याआधी ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा काढली, त्यात थोडं ऑइल वाहून जातं आणि वरून भरावं लागतं. फळीवरचा अर्धा डबा होता, तोच वापरला.

ट्रॅकवर आधी पॅड बसवून घेतले, म्हणजे शंभरवरून तीसवर असे आठ-दहा ब्रेक, हळूहळू जोर वाढवत, मग एक लॅप सावकाश फिरून थंड होऊ द्यायचे. गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं. इथपर्यंत सगळं छान. दुसऱ्या सेशनला जोर लावला. नाक वळणात असं गेलं की मी हेल्मेटच्या आत ओरडलो. पाचव्या लॅपला पेडल थोडं मऊ लागलं. सहाव्याला मोठ्या सरळीच्या शेवटी पाय ठेवला आणि पेडल विरोध न करता तळाला गेलं.

त्या क्षणी डोकं फार स्पष्ट चालतं. दोनदा पंप केलं, थोडं काही आलं. तिसरा, दुसरा गिअर. वळण घ्यायचा नाद सोडला आणि गाडी सरळ बाहेरच्या मातीत नेली. ती थांबली. कोणाला काही लागलं नाही, स्प्लिटरचा एक कोपरा गेला. पण हात तासभर थरथरत होते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते मध्ये न बोलता ऐकत होते.

"पेडल कडक होतं आणि गाडी थांबत नव्हती, की पेडलच गेलं?"

"पेडलच गेलं."

"मग पॅड नाही, ऑइल. डबा कधी फोडला होतास?"

"जुलैत."

पलीकडे काही वेळ शांतता. मग म्हणाले, "आम्ही रोज सकाळी बसच्या ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी काढायचो. पावसाळ्यात तर दोनदा. ती हवा कुठून येते? बाहेरूनच. आणि तुझा डबा सहा महिने त्याच हवेत."

ब्रेक ऑइल पाणी पितं. झाकण लावलेलं असलं तरी एकदा फोडलेल्या डब्यात हवा शिरलेली असते, आणि मुंबईत जुलै-ऑगस्टची हवा म्हणजे काय ते गाळ्यातल्या गंजलेल्या वेल्डिंग रॉडना विचारा. नवीन डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. सिस्टिममध्ये जे होतं तेही जुलैचंच, वरून मी त्यात डब्यातलं घातलं. चूक माझी होती. रोज शंभरदा मायक्रोमीटर पुसणारा माणूस मी, आणि डब्यावर तारीख लिहिली नव्हती.

पण तेवढ्यावर मला समाधान वाटेना. मूळच्या बंपरनेच जुन्या गाड्या तिथे वर्षानुवर्षं धावल्या, मग माझी सहाव्या लॅपला का उकळली? परत येताना आयशरमध्ये चित्रदुर्गच्या आसपास लक्षात आलं. पूर्वी बंपरखालून, कडेने वारा थेट चाकांकडे जायचा. आमच्या सुंदर एअर डॅमने आणि स्प्लिटरने तो रस्ता बंद केला होता. वाऱ्याचं काम मी चांगलं केलं म्हणूनच ब्रेक भाजले. महिनोन् महिने मी ही दोन वेगळी कामं समजत होतो. वहीत दोन वेगळी पानं होती. घरी आल्यावर दोन्ही पानं फाडून एकत्र केली आणि सगळं पुन्हा मांडलं.

फायबरवाल्या दादाकडे एअर डॅम परत नेला. दोन्ही बाजूंना, वारा सगळ्यात जास्त दाटतो तिथे, दोन तोंडं कापली. नागदेवीच्या बाजारातून अडीच इंची उष्णता सोसणारा होज आणला. एक दुकानदार स्वयंपाकघरातल्या चिमणीचा ॲल्युमिनियमचा पाइप देत होता, तो चाक वळलं की दोन दिवसांत फाटेल. होजचं दुसरं टोक डिस्कच्या कडेवर सोडायचं नाही. ते मध्यावर, आतल्या बाजूने सोडायचं, म्हणजे डिस्क स्वतःच हवा ओढून पात्यांतून बाहेर फेकते. नकलच्या मागे पत्र्याचं तोंड बनवून ते बसवलं. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून होज कुठे घासतो ते बघायला एक अख्खा रविवार गेला.

आणि ऑइल. यावेळी तीनशे अंशांच्या वर उकळणारं, रेसचं, सीलबंद. महाग पडतं. मार्चच्या पहिल्या रविवारी बाबा गाळ्यात आले. केजच्या पाइपांमधून वाकून सीटवर बसले, पायात डेपोतले जुने बूट. मी खाली, हातात पाना, कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये.

"दाब."

"दाबलं."

निपल पाव फेरा सोडला. नळीतून जुनं ऑइल आलं, चहाच्या रंगाचं, मध्ये बारीक बुडबुड्यांची माळ.

"धर."

"धरलंय."

निपल बंद. "सोड."

मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली, सगळ्यात लांबचं ते. प्रत्येक चाकाला वीस-पंचवीस वेळा. नळीतला रंग हळूहळू फिका होत गेला आणि शेवटी सोनेरी झाला. बुडबुडे संपल्यावरही ते म्हणायचे, "अजून तीन." पुढच्या उजव्या चाकाला तीन झाल्यावर एक बुडबुडा आला. मग पुन्हा पहिल्यापासून तीन. उठताना त्यांना केजमधून बाहेर यायला मी हात दिला. त्यांनी आधी वाकून पेडल हाताने दाबून बघितलं.

मार्चच्या शेवटी दुसरी खेप. बाबा रेल्वेने चेन्नईला आले. डिस्कच्या कडेला तापमान दाखवणाऱ्या रंगाचे तीन पट्टे लावले होते. माझ्याकडच्या रंगात हिरवा ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. पहिल्या सेशनला विंगवर, मागच्या काचेवर आणि डिकीवर आईने दिलेल्या लोकरीचे बोटभर तुकडे टेपने चिकटवले. मित्राने मागून दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ घेतला. विंगच्या दोन्ही टोकांचे धागे सरळ मागे, पण मधल्या भागाखालचे भिरभिरत होते, काही तर उलटे पुढे. टपावरून उतरणारा वारा काचेपाशी सुटतो आणि त्याच्या गोंधळात विंगचा मधला भाग सापडला होता. पायांना आधीच तीन उंचीची भोकं पाडून ठेवली होती. अकरा सेंटिमीटर वर घेतली. पुढच्या व्हिडिओत मधले धागेही शांत झाले. ते बघताना जो आनंद झाला तो शब्दांत नीट येत नाही. वारा पहिल्यांदाच दिसला होता.

नऊ लॅप सलग केले. पेडल पहिल्या लॅपला जिथे होतं तिथेच नवव्याला. पिटमध्ये चाक काढलं तर हिरवा पट्टा पांढरा पडलेला, नारिंगी जसाच्या तसा. म्हणजे डिस्क ४३० च्या वर गेली, ५६० च्या आत राहिली.

मग व्हॉल्व्हचं काम उरलं. १५० ला विंग मागच्या चाकांवर पस्तीस किलो ठेवते, म्हणून तेव्हा मागचा ब्रेक जास्त घेतला तरी चालतो. ८० ला येईपर्यंत ते दहाच्या खाली गेलेले असतात. पाय तेवढाच दाबून ठेवला तर मागचं चाक नेमकं वळणाच्या तोंडावर लॉक होतं. म्हणून पाय पहिल्या क्षणी सगळ्यात जोरात, मग वारा उतरेल तसा तोही उतरवत न्यायचा. आणि व्हॉल्व्ह लावायचा तो कमी वेगाच्या टोकाला धरून. हे मला कागदावर कळत होतं, पायाला कळायला तो दिवस लागला.

बाबा भिंतीपाशी कानाला हात लावून उभे होते. तिसऱ्या सेशननंतर मी आलो तेव्हा म्हणाले, "मागचं उजवं ओरडतंय. तुझ्या आधी गाडीला कळतंय." व्हॉल्व्ह पाव फेरा मागे घेतला. पुढच्या सेशनला त्यांनी मान हलवली, अजून अर्धा पाव. त्यानंतर ओरडलं नाही.

संध्याकाळी सामान भरताना डब्यात दोन बोटं ऑइल उरलं होतं. सकाळी मी डब्यावर मार्करने तारीख लिहिली होती. बाबांनी ती वाचली, उरलेलं ऑइल टाकाऊ तेलाच्या कॅनमध्ये ओतलं आणि रिकामा डबा बुटाखाली चेपून सपाट केला.